‘दिनांक’ की ‘तारीख’?

प्रश्न असा आहे: आंतरराष्ट्रीय पद्धतीने २०२५-०३-०५ असं लिहायचं तर रकान्याला ‘दिनांक’ म्हणावं की ‘तारीख’, आणि हे मराठीत वाचायचं कसं?

वाचायचं नेहमीसारखंच, पाच मार्च दोन हजार पंचवीस. लिहिण्याचा आणि बोलण्याचा क्रम एकच हवा असा काही नियम नाही. पण ‘दिनांक ५ तारखेला’ हे मात्र आता पुरे! दोहोंपैकी एक शब्द ठेवा. आणि ०५/०३/२०२५ मधल्या तिरप्या रेघा आडव्या केल्या की झाली ‘आयएसओ तारीख’, म्हणजे आंतरराष्ट्रीय मानक संघटनेच्या पद्धतीची तारीख, हेही खोटं. आयएसओ ८६०१ हे मानक १९८८ सालचं. त्यात आधी चार आकडी वर्ष, मग दोन आकडी महिना, मग दोन आकडी दिवस. ०५/०३ म्हणजे अमेरिकेत तीन मे आणि ब्रिटनमध्ये पाच मार्च. तो घोळ इथे होतच नाही. फाइलींच्या नावात ही तारीख घातली की त्या आपोआप काळाच्या क्रमाने लागतात. फक्त मार्चचा ०३ पुरा लिहा, नुसत्या ३ ने मार्चची फाइल ऑक्टोबरच्या १० नंतर जाऊन बसते.

आता खरी गंमत. ‘तारीख’ अरबीतून फारसीमार्गे आपल्याकडे आला, एवढं सगळेच सांगतात आणि तिथेच थांबतात. पुढे जा की! याच्या मुळाशी सेमिटिक भाषांतला, म्हणजे अरबी-हिब्रूच्या भाषाकुळातला, चंद्र आहे. हिब्रूत ‘यारेआह’ म्हणजे चंद्र, ‘येरह’ म्हणजे महिना. प्राचीन इराकातल्या अक्कादी या सेमिटिक भाषेत महिन्याला ‘वर्खु’. म्हणजे तारीख घालणं हे मुळात चंद्रावरून महिना ठरवणं. अरबीत याच शब्दाचा अर्थ इतिहासही होतो, आणि त्याचं अनेकवचन ‘तवारीख’ मराठीनेही घेतलं. काही मध्ययुगीन अरबी ग्रंथकार मात्र ‘तारीख’ची व्युत्पत्ती फारसी ‘माह-रोज’पासून, म्हणजे महिना-दिवसापासून, लावतात. ही निव्वळ ओढाताण आहे. अक्कादी ‘वर्खु’ हा त्या फारसीहून कितीतरी जुना, त्याचं काय करायचं?

आणि आपला ‘मास’ पाहा. संस्कृतात ‘मास्’ म्हणजे चंद्रही आणि महिनाही. माझ्या मते ‘मा’, मोजणे, हा धातू त्याच्या मुळाशी आहे, आणि ‘मिती’ही त्यातलीच. दोन अगदी वेगळ्या भाषाकुलांनी काळ मोजायला चंद्रच धरला!

म्हणून सावरकरांच्या भाषाशुद्धीचा दाखला देऊन ‘तारीख परकी, दिनांकच लिहा’ म्हणणाऱ्यांशी माझं मुळीच जमत नाही. दिनांक म्हणजे दिवसाचा अंक. २०२५-०३-०५ मधला शेवटचा ०५ हा दिनांक. मग आधीचे सहा आकडे कशाचे? सबंध रकान्याला ‘तारीख’ लिहा. तीन वेगळे चौकोन असतील तर तिसऱ्याला खुशाल ‘दिनांक’ म्हणा.