खुणेसोबत शब्द बोला, तोही आपला

“पाळणाघरात लेकीला हाताच्या खुणा शिकवतात, म्हणून मीही घरी सुरू केल्या. सासूबाई दर्यापूरहून व्हिडिओ कॉलवर म्हणतात, लेकराले मुकं करता का बाई? आणि दोन महिने झाले, ती एकही खूण करत नाही.”

लेक नऊ महिन्यांची. दोन महिन्यांत हात हलला नाही म्हणून एवढ्या घाबरलात? बहुतेक बाळं आठव्या ते बाराव्या महिन्यात खुणा करू लागतात. सासूबाईंना सांगा, खुणांनी बोलणं अडत नाही. टाटा आणि ‘जय बाप्पा’ याही खुणाच की! मात्र खुणांनी मूल हुशार होतं, या जाहिरातीला भुलू नका. हवं ते रडण्याआधी सांगता येतं, हाच फायदा आणि तो मोठा आहे.

चुकलं ते तुम्ही पाठवलेल्या खुणांच्या यादीत. अठरा खुणा एकदम? तीनच ठेवा. दूध: धार काढताना होते तशी मूठ उघडमीट. आणखी: दोन्ही हातांची बोटं अंगठ्याशी जुळवून टोकं एकमेकांवर टेकवायची. झालं: उघडे पंजे मनगटातून फिरवायचे. हातात बाटली धरून खूण नीट होत नाही. बाटली खाली ठेवा, ती तुमच्याकडे बघेपर्यंत थांबा, छातीसमोर खूण करा, मग लगेच दूध द्या. तिचे हात धरून करवून घेऊ नका. ‘आणखी’ म्हणून ती टाळ्या वाजवेल. तीच खूण समजून घास द्या.

आता माझा आग्रह. खूण मुकी नको आणि घरात इंग्रजीही नको. पाळणाघरात त्याच मुठीला ‘मिल्क’ म्हणतात, तुम्ही “दूध पायजे?” म्हणा. मूठ एकच, शब्द दोन. लेकरू दोन्ही जोडतं. आमच्या दोन्ही नाती अशाच दोन भाषांत वाढल्या. तुम्ही मात्र यादीत खुणांची नावं मला इंग्रजीत लिहिलीत! सासूबाईंनाही या तीन खुणा शिकवा, म्हणजे कॉलवर आजीला नातीशी बोलायला काही हाती येईल. बोलायला लागली की खुणा आपोआप सुटतात.

वर्षाची होऊनही बोट दाखवत नसेल, तर डॉक्टरांना दाखवा. हाकेला वळत नसेल, तर आजच कान तपासून घ्या.

तुमचे उरलेले प्रश्न, खाण्याचा आणि गावी नेण्याचा: वरणात कुस्करलेली मऊ भाकर चालेल. वर्षापर्यंत मध मुळीच नको. मे महिन्यात दर्यापूरला नेऊ नका, तिकडं पारा 45 वर जातो. दिवाळीला न्या.