ईश्वर न्यायी असेल, तर धर्मग्रंथांतील बालकांना दुःख का भोगावे लागते?

‘पूर्वजन्मीचे कर्म’ या नेहमीच्या उत्तराने आपले समाधान होत नाही, असे आपण लिहिले आहे. माझेही होत नाही, आणि मला वाटते, महाभारतालाही ते सर्वस्वी पटलेले नसावे. आदिपर्वातील अणीमांडव्यांची कथा पाहा.

मौनव्रत धरून तपाला बसलेल्या मांडव्य ऋषींच्या आश्रमात चोरांनी चोरीचा माल दडवला, ऋषींनी व्रतापायी शिपायांपुढे तोंड उघडले नाही, आणि राजाने त्यांनाही चोरांसोबत सुळावर चढवले. ते मेले नाहीत. राजाने पुढे क्षमा मागितली, पण सूळ अंगातून निघेना, म्हणून तो कापावा लागला. आत राहिलेल्या अणीवरून, म्हणजे सुळाच्या टोकावरून, त्यांना हे नाव पडले. मग त्यांनी थेट यमधर्माला गाठून आपला अपराध विचारला. लहानपणी तुम्ही किड्यांच्या शेपटीत गवताची काडी खुपसली होती, त्याचे हे फळ, असे उत्तर मिळाले. एवढ्याशा अपराधाला एवढा दंड दिल्याबद्दल मांडव्यांनी प्रत्यक्ष धर्मालाच शूद्रयोनीत जन्मण्याचा शाप दिला (तो जन्म विदुराचा, शूद्रजन्मालाच शिक्षा मानणारा हा न्याय मला खटकतो, हेही सांगितले पाहिजे) आणि चौदाव्या वर्षापर्यंतच्या कृत्याचे पातक लागणार नाही, अशी मर्यादा घालून दिली. म्हणजे कथेत दोष अखेर न्यायासनाच्या पदरी पडतो.

अर्थात ही मर्यादा पातकाला आहे, दुःखाला नाही. अश्वत्थाम्याच्या अस्त्राने मृत जन्मलेल्या परीक्षिताला कृष्ण जिवंत करतो. त्याच अश्वत्थाम्याने रात्री छावणीत मारलेले द्रौपदीचे पाच अविवाहित पुत्र मात्र परत येत नाहीत. ते असे अनाथासारखे का मेले, हा व्यासशिष्य जैमिनीलाही पडलेला प्रश्न आहे, आणि मार्कंडेय पुराणात ज्ञानी, बोलणारे पक्षी त्याला उत्तर देतात, तेही पूर्वजन्माचेच. ते पाचजण मुळात विश्वेदेव नावाच्या देवगणातले देव होते. राज्य गमावून बसलेल्या हरिश्चंद्राच्या राणीला विश्वामित्र मारू लागला, तेव्हा त्यांना तिची दया आली आणि ते विश्वामित्राला दोष देऊ लागले. त्यावरून त्याने त्यांना मनुष्यजन्माचा शाप दिला. कारण शोधत पूर्वजन्मापर्यंत गेल्यावर पुराणाला तेथे एवढेच सापडले.