आजीच्या बोटाची शाई आणि तुझा प्रश्न

प्रिय सई,

परवा आपण इथून, अमेरिकेतून, केलेल्या व्हिडिओ कॉलवर आजीने मतदानाची शाई लावलेलं बोट दाखवलं, तेव्हा तू इंग्रजीत विचारलंस, "आजी दर वेळी मत देते, तरी गावचा रस्ता तसाच कसा? तुमच्याकडे मत देणं म्हणजे नुसता सण आहे का?" आजीला ते कळलं नाही, बरंच झालं. मला मात्र ते 'तुमच्याकडे' चांगलंच लागलं. तेव्हा मी विषय बदलला, म्हणून आता लिहिते. वाचताना अडलं तर बाबांना विचार.

सण होताच, नाही कशाला म्हणू? दारव्ह्याकडच्या आपल्या गावात मतदान जिल्हा परिषदेच्या शाळेत असायचं. आदल्या संध्याकाळी मतपेट्या घेऊन मास्तर लोक यायचे आणि वर्गातच सतरंज्या टाकून झोपायचे. आबा पोलीस पाटील, त्यामुळे त्यांचं पिठलं-भाकरी आपल्या घरून जायचं आणि ते पोचवायचं काम माझं. सकाळी आजी ठेवणीतलं लुगडं नेसून रांगेत. एरवी आपल्या अंगणात चपला बाहेर काढून खाली बसणारी सालदाराची बायको त्या दिवशी तिच्या पुढे उभी असायची. आजीला ते चालायचं, की चालवून घ्यावं लागायचं, हे मला अजून ठरवता येत नाही.

वर्षभर आजी म्हणजे 'बंडूची माय'. त्या दिवशी मास्तर यादीतून तिचं पूर्ण नाव मोठ्याने वाचायचे, आणि ती खिडकीबाहेरही ऐकू जाईल असं "हाव, मीच!" म्हणायची. आबांची खात्री होती की ती त्यांच्याच पक्षाला मत देते. एकदा मी हळूच विचारलं तर म्हणाली, "म्या कोनाले देल्लं ते मले मालूम अन् पेटीले मालूम." घरातली दुसरी कुठलीही गोष्ट तिने आबांपासून लपवलेली मला आठवत नाही.

आता रस्ता. इथे माझी बाजू लंगडी पडते, कबूल. गावाचं गावाने ठरवायचं ते ग्रामसभेत. वर्षाला किमान चार सभा व्हायला हव्यात, आणि १५ टक्के किंवा १०० मतदार, जे कमी असेल तेवढे, हजर लागतात. तेवढे जमले नाहीत की सभा तहकूब. तहकूब सभेला मात्र गणपूर्ती लागत नाही, म्हणजे चार टाळकी बसली तरी कागद पूर्ण. आमच्याकडे तर ग्रामपंचायतीचा शिपाई रजिस्टर घेऊन घरोघर यायचा. "काकू, इथं सही मारा." आजी पिठाचे हात पुसून सही करायची. वर काय लिहिलंय, हे तिने विचारलेलं मी पाहिलं नाही, आणि त्यानेही कधी सांगितलं नाही.

दिल्लीतलं सरकार कधी पडणार, हे पारावर बसून ठरवणारी माणसं ग्रामसभेत नळाबद्दल चकार शब्द काढायची नाहीत. तू याला आळस म्हणशील. मला तो हिशेब वाटतो. सभेत बोललं की सरपंचाशी वाकडं, आणि वाकडं झालं की घरकुलाच्या यादीतून नाव गळणार. गुप्त मताला ही भीती नाही. आजी पेटीपुढे शूर आणि रजिस्टरपुढे गप्प का, याचं माझ्यापाशी एवढंच उत्तर आहे.

पण इथलंही नीट बघ. २०२४ मध्ये इथे अध्यक्ष निवडायला ५ नोव्हेंबरला ६४ टक्क्यांच्या आसपास मतदान झालं, महाराष्ट्रात विधानसभेला २० नोव्हेंबरला ६६ च्या आसपास. फार फरक नाही. अध्यक्ष निवडायचा नसला की इथले लोक घरी बसतात. २०१४ मध्ये तर ३७ टक्केही झालं नव्हतं. त्यात बऱ्याच ठिकाणी मतदार यादीत नाव आपलं आपण नोंदवा, आणि मतदान मंगळवारी, कामाच्या दिवशी. १८४५ चा कायदा, शेतकऱ्यांना रविवारचं चर्च आणि बाजाराचा दिवस सांभाळून गाडी जुंपून जाता यावं म्हणून. आपल्याकडे त्या दिवशी भरपगारी सुट्टी असते, आणि यादीसाठी अंगणवाडीची ताई नाहीतर मास्तर दारात येतात. तरी २०२४ च्या लोकसभेला नागपुरात ५४ टक्के, आणि जंगलातल्या गडचिरोलीत ७२ च्या जवळपास. शिकलेल्यांची टिंगल करायचा मोह होतोय, पण मीही आता त्यांच्यातलीच.

मार्चमधली आपल्या टाउनची सभा आठवते, इथली ग्रामसभाच म्हण ना? शाळेच्या छताचा खर्च होता म्हणून गेलो होतो. तुझे बाबा आणि मी ग्रीन कार्डवाले, म्हणून मतदार नसलेल्यांच्या वेगळ्या खुर्च्यांवर. हॉल निम्मा रिकामा. अग्निशमनाच्या गाडीवर तासभर चर्चा, आणि ती विणकाम करणारी म्हातारी उठून थेट हिशेब मागत होती. मला तिचा इतका हेवा वाटला! दुसऱ्या दिवशी तिचा नळ कोणी बंद केला नाही.

असं आपल्याकडे होतच नाही, असं मात्र समजू नकोस. गडचिरोलीतलं मेंढा-लेखा गाव म्हणतं, 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार'. तिथे ग्रामसभेत सगळ्यांचं एकमत होईपर्यंत बोलत बसतात. २००९ मध्ये त्यांनी आपल्या जंगलावरचा सामूहिक हक्क मिळवला. आमच्या पारावर मात्र त्यांचं नाव कधी निघालं नाही.

माझं म्हणशील, तर सध्या मी कुठेच मत देत नाही. इथली नागरिक नाही, आणि तिथे द्यायचं तर स्वतः केंद्रावर हजर राहावं लागतं. बहुतेक या घरातलं इथलं पहिलं मत तुझंच असेल. हे ओझं म्हणून सांगत नाहीये. नाही दिलंस तर मी आजीला सांगणार नाही.

पुढच्या १५ ऑगस्टला आपण गावी असू. झेंडावंदनानंतर ग्रामसभा असते. कंटाळा येणार असेल तर खुशाल शेतात जा. बंडूमामाला विचारलं तर म्हणाला, "सभा काय, तहकूबच होते. पन भाचीले रस्त्याचं इचाराचं असन तं घेऊन ये. आमी इचारलं तं झगडा, तिले कोन काय म्हन्ते!"

तुझी,
आई