बाबांच्या मागावरचा प्रोजेक्ट घेऊ का?

सोलापूरच्या एका पोरीचं पत्र आलंय. मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे, पुढे अमेरिकेत एमएस करायचंय. ग्रुपमधली पोरं म्हणतायत चेहरे ओळखणारा एआय प्रोजेक्ट रेडीमेड विकत मिळतोय तो घेऊ, हिला मात्र अक्कलकोट रोड एमआयडीसीत बाबांच्या टॉवेलच्या कारखान्यात सूत सारखं का तुटतं ते शोधायचंय, पण तिकडचे प्रोफेसर हसतील अशी भीती वाटतेय. आणि जे सर गाईड व्हायला तयार आहेत ते फार कडक.

अगं, सूतच घे. कुणी हसत नाही.

विकतच्या प्रोजेक्टवर एसओपीत (अर्जासोबतच्या निबंधात) चार ओळी छान लिहिता येतात, पण उद्या आयआयटी मद्रासच्या एमएसचा नाहीतर आयआयएससीच्या रिसर्चवाल्या एमटेकचा इंटरव्ह्यू दिलास (आणि ते फॉर्म भरच, सगळी आशा अमेरिकेवर नको) आणि त्यांनी विचारलं हाच सेन्सर का लावला, रीडिंग बरोबर आहे कशावरून, तर काय सांगणार?

तुझ्याकडे खरा प्रश्न आहे गं. कापसाचं सूत दमट हवेत मजबूत असतं, कोरड्या हवेत पटपट तुटतं, म्हणून तर विणकामाच्या शेडमध्ये आर्द्रता 75-80 टक्क्यांच्या आसपास ठेवायला सांगतात आणि आपल्याकडे एप्रिल-मेची दुपार कशी असते ते तुला मी काय सांगू. मग सूत तुटतंय ते हवेमुळे, ताणा (मागावरचे उभे धागे) जास्त ओढला गेल्यामुळे की मागाच्या थरथरीमुळे? तिन्ही धरू नको, एकच धर. हवा धरलीस तर काही शे रुपयांचा आर्द्रतेचा सेन्सर आणि एक वही पुरते. माग तेच, सूत तेच, किती वाजता तुटलं तेवढं लिहीत जा. फक्त रात्रपाळीचा कामगार वेगळा असतो, म्हणजे फरक हवेचा की हाताचा हे आधीच ठरवून घे, यावरच सर तुला पिळणार.

आणि हे या उन्हाळ्यातच कर. तिकडच्या बऱ्याच युनिव्हर्सिटींची मुदत डिसेंबर-जानेवारीत संपते, फायनल इयरची वाट बघत बसलीस तर अर्ज भरताना हातात नुसता सिनॉप्सिस, म्हणजे कागदावरची रूपरेषा, राहील.

कडक सरांना घाबरू नको. शिफारसपत्रं बहुतेक ठिकाणी तीन लागतात, आणि "हुशार, मेहनती मुलगी" असं तर सगळेच लिहितात, पण ज्यांनी तुझी वही तपासली, चुकलेलं रीडिंग परत घ्यायला लावलं ते तू काय केलंस हे नीट लिहू शकतात. माझ्या मते विषयापेक्षा गाईडच महत्त्वाचा.

ग्रुपला आताच स्पष्ट सांग, सप्टेंबरात भांडण नको. सरांकडे जायच्या आधी कारखान्यातल्या जॉबरशी (माग लावणाऱ्या-दुरुस्त करणाऱ्या माणसाशी) बोल, कुठला माग कधी त्रास देतो ते त्याला तोंडपाठ असतं, मग एका पानावर लिहून ने: प्रश्न काय, मोजणार काय, कशाने.