गोधडीवरचं झाड : वाचकांचे प्रश्न, शिवणाची उत्तरं

तुकडे जोडून झाड कसं करायचं यावर इतकी पत्रं आलीत की या वेळी सगळी जागा त्यालाच देतेय.

ताई, मला ब्लाउज, परकर, झबली सगळं शिवता येतं पण पॅचवर्क कधी केलं नाही. भाचीच्या बाळासाठी झाडांचं दुपटं करायचंय. सोप्यात सोपं झाड मापांसकट सांगाल का? – एक वाचक, सांगली

झबली शिवणाऱ्या हाताला हे अजिबात अवघड नाही. एकावर एक तीन हिरवे त्रिकोण आणि खाली खोड, एवढंच हे झाड. शिवून झाल्यावर ब्लॉक, म्हणजे एका झाडाचा पूर्ण चौकोन, १२ बाय १२ इंचाचा होतो, आणि चारी बाजूंना पाव इंच माया (टिपेबाहेर सोडलेलं कापड) असते म्हणून मोजताना तो साडेबारा भरायला हवा.

एका ब्लॉकला हिरव्या कापडाच्या ६.५ बाय ३.५ इंचाच्या तीन पट्ट्या लागतात. मागच्या फिक्या कापडाचे (मोतिया, आभाळी, काय आवडेल ते) ३.५ इंचाचे सहा चौकोन, २.५ बाय ३.५ चे दोन तुकडे आणि बाजूला लावायला ३.५ बाय १२.५ च्या दोन लांब पट्ट्या. खोडाला तपकिरी २.५ बाय ३.५ चा एक तुकडा. या मापांत माया धरलेली आहे, वर आणखी सोडू नका. काटकोनासाठी मुलांच्या कंपासपेटीतला गुण्या वापरा आणि खडूऐवजी टोक केलेली पेन्सिल घ्या, कारण खडूची रेघ जाड येते आणि इथे तेवढ्यानंही फरक पडतो.

आता त्रिकोण. बऱ्याच जणी आधी कापडाचे त्रिकोण कापून घेतात आणि मग जोडायला बसतात, तसं करू नका. त्रिकोणाची तिरकी कड उरेब, म्हणजे कापडाच्या धाग्यांना तिरपी असते, हातात धरली तरी ताणते आणि मशीनखाली गेली की लाटेसारखी होते. त्याऐवजी चौकोनाच्या उलट बाजूवर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत पेन्सिलीनं तिरकी रेघ मारा. हिरवी पट्टी सुलट बाजू वर करून आडवी ठेवा, तिच्या डाव्या टोकाला चौकोन सुलटीवर सुलट येईल असा बसवा, रेघ खालच्या डाव्या कोपऱ्यातून निघून वर मधल्या बाजूला जायला हवी. रेघेवर टीप मारा, किंवा खरं तर रेघेच्या एक धागा बाहेर, कोपऱ्याच्या बाजूला, कारण कापड उलटवलं की दुमडीत तेवढं जातंच. मग बाहेरच्या कोपऱ्याचं कापड पाव इंच ठेवून कापा, फिका तुकडा वर उलटवा, इस्त्री करा. उजवीकडे हेच आरशात दिसेल तसं. दोन्ही रेघा एकाच दिशेला गेल्या तर त्रिकोणाऐवजी कलती पट्टी तयार होते म्हणून टीप मारण्याआधी चौकोन नुसता उलटवून बघायचा, दोन सेकंदांचं काम आहे पण उसवणं वाचतं.

दुसरा चौकोन पहिल्यावर अर्धा इंच चढतो, ते बरोबर आहे. त्यामुळेच त्रिकोणाचा शेंडा पट्टीच्या वरच्या कडेपासून पाव इंच खाली येतो आणि ती जागा पुढच्या शिवणीसाठी असते, ती कापून सारखी करायला जाऊ नका.

तीन त्रिकोण झाले की एकाखाली एक जोडा. खोडाच्या दोन्ही बाजूंना फिके तुकडे लावा, ती ओळ तळाला जोडा आणि शेवटी दोन लांब पट्ट्या डावी-उजवीकडे. मला तीन वेगळे हिरवे आवडतात, सगळ्यात गडद खाली.

दुपट्याला असे १२ ब्लॉक, आडवे तीन उभे चार, म्हणजे ३६ बाय ४८ इंच. ४४ इंची पन्ह्याचं हिरवं पाऊण मीटर, फिकं पावणेदोन मीटर पुरतं, खोडाला घरातला तुकडा चालेल. आणि ते कापलेले कोपरे टाकू नका! कोपरा कापण्याआधी पहिल्या टिपेपासून अर्धा इंच बाहेर दुसरी टीप मारायची आणि दोन टिपांच्या मधून कापायचं, की अर्धा हिरवा अर्धा फिका असा छोटा चौकोन आयता मिळतो. तो अडीच इंचाला नीट कापता येतो आणि एका झाडामागे सहा म्हणजे दुपट्याचे ७२ होतात, त्यांची कड काय सुंदर दिसते, नक्की करून बघा.

माझ्या झाडांचे शेंडे बोथट होतात, आणि ब्लॉक साडेबाराऐवजी जेमतेम बारा भरतो. कापलं तर मापातच होतं. कुठे चुकतंय? – एक वाचक, नाशिक

कापण्यात नाही, मायेत. आपल्याकडे ब्लाउजला भरपूर माया सोडायची सवय, पुढेमागे उसवता यावं म्हणून, आणि टीप थोडी इकडेतिकडे गेली तरी अंगात बसतंच. पॅचवर्कला हे चालत नाही, इथे पाव इंच म्हणजे पाव इंच, दोन सूत. समजा अर्धं सूत जास्त गेलं. एका टिपेत दोन कापडं असतात म्हणजे प्रत्येक टिपेला एक सूत गेलं, उभ्यात तीन टिपा आहेत म्हणून उंची तीन सूत कमी. खोडाच्या ओळीत तर बाजूच्या लांब पट्ट्या धरून आडव्या चार टिपा येतात, तिथे चक्क अर्धा इंच जातो, मग ती ओळ वरच्या त्रिकोणांशी जुळत नाही आणि आपण ओढूनताणून जुळवतो.

म्हणून माझा आग्रह आहे की खोडाची ओळ सगळ्यात आधी शिवा. अडीच इंचाचे तीन तुकडे बरोब्बर पाव इंचावर जोडले की रुंदी साडेसहाच यायला पाहिजे. सव्वासहा आली तर माया जास्त जातेय, पावणेसात आली तर कमी. ते जमेपर्यंत त्रिकोणांना हात लावू नका. मशीनच्या पायाच्या कडेवर भरवसा ठेवू नका, सगळ्या मशीनना ती पाव इंचावर नसते. सुई खाली करून तिच्यापासून पाव इंच मोजा आणि मशीनच्या पाटावर कागदी चिकटपट्टी लावा, कापडाची कड तिला लागून सरकवायची, बस.

आता शेंडा. त्रिकोण वरच्या ओळीला जोडताना त्याची उलट बाजू आपल्याकडे ठेवा. तिथे आधीच्या दोन टिपा एकमेकींना छेदून फुली झालेली दिसते. ती फुली म्हणजेच शेंडा. टीप त्या फुलीवरून किंवा एक धागा वरून, म्हणजे कडेच्या बाजूनं, गेली पाहिजे, फुलीच्या खालून गेली की शेंडा गेलाच. आणि इस्त्री घासू नका, दाबा आणि उचला. घासली की कापड लांबतं आणि मग दोष शिवणीवर येतो.

आईच्या जुन्या सुती साड्यांतून हे झाड करता येईल का? – एक वाचक, मडगाव

हो, जरूर करा, पण साडी उजेडासमोर धरून बघा, निऱ्यांचा भाग जिथे विरलाय तो सोडून द्या, काठाजवळचं आणि पदराच्या आतलं कापड बहुतेक चांगलं निघतं. मऊ कापड कापताना सरकतं म्हणून आधी साबुदाण्याची पातळ खळ द्या, वाळवा, इस्त्री करा, मग कापा. सोबत नवीन कापड घेणार असाल तर ते आधी धुऊन घ्या, नाहीतर पहिल्या धुण्यात नवं आटेल आणि जुनं नाही. हिरव्या-लालचा रंग जातो का ते बघायला ओलं कापड पांढऱ्या फडक्यावर ठेवून इस्त्री फिरवा. मिठाच्या पाण्यानं रंग पक्का होतो यावर विसंबू नका.

हे झाड नेहमी ख्रिसमसचंच का असतं? मला आंबा हवाय. – एक वाचक, रत्नागिरी

कारण ते मूळचं पाइनचंच आहे, अमेरिकेतलं. तिथल्या न्यू इंग्लंड भागात पाइनला फार मान. मॅसॅच्युसेट्सच्या जुन्या चांदीच्या नाण्यांवर १६५२ साल आणि हे झाड दिसतं. उंच सरळ पाइन इंग्लंडच्या आरमाराला डोलकाठ्यांसाठी हवे असायचे, त्यासाठी राजाची माणसं झाडांवर बाणाची खूण करून ठेवत, आणि त्यावरून १७७२ मध्ये न्यू हॅम्पशरमध्ये लोकांनी सरकारी माणसांना चोपूनसुद्धा काढलं. १७७५ ला जॉर्ज वॉशिंग्टनच्या जहाजांच्या निशाणावरही पाइनच होता. तिथल्या बायकांनी तोच गोधड्यांवर आणला, शिवाय सरळ कापांतून त्रिकोणी झाड सहज निघतं.

आंब्याचा घेर गोल, तो असा तुकडे जोडून नाही होणार. त्याला आकार कापून, कड आत दुमडून, वरून लपता टाका घालायचा. आणि ही वाट आपल्याला परकी नाही हं, आपल्याच कोरोमंडल (भारताच्या आग्नेय) किनाऱ्यावर रंगवलेले फुलत्या झाडाचे पलंगपोस सतराव्या-अठराव्या शतकात युरोपात जायचे आणि तिकडच्या बायका त्यातली फुलं-पानं कापून आपल्या रजयांवर टाकायच्या. तेव्हा आंबा बिनधास्त करा, फक्त दुमडीला पाव इंचापेक्षा थोडी कमी माया पुरे.

मशीन नाही. हातानं जमेल? आणि शेवटी गोधडी कशी भरायची? – एक वाचक, न्यू जर्सी

छान जमेल, उलट हातानं शेंडे जास्त नेमके येतात. प्रत्येक तुकड्याच्या उलट बाजूला पाव इंच आत पेन्सिलीची रेघ मारा आणि तिच्यावरून बारीक धावदोरा घाला, इंचात आठ-दहा टाके बसायला हवेत, सुरुवातीला आणि शेवटी एकदोन टाके उलट घ्या म्हणजे सुटत नाही. मधेमधे कापड पलटून मागची रेघही टाक्यात येतेय का ते बघत जा.

भरताना खाली अस्तर, मधे धुतलेली जुनी साडी दुहेरी, वर झाडं. तिकडे थंडी जास्त, तर सुती बॅटिंग (गोधडीत भरायचा कापसाचा तयार थर) घ्या. तिन्ही थर सतरंजीवर पसरून हातानं सारखे करून घ्या आणि मधून बाहेर असे कच्चे टाके घाला, कडेकडून सुरू केलं तर मधे फुगा राहतो. मग प्रत्येक झाडाच्या बाहेरून पाव इंचावर धावदोरा, रंगीत जाड दोऱ्यानं घातला तरी शोभतो. कच्चे टाके काढायचे ते कडेला गोट लावून झाल्यावरच.