‘घर्षणामुळे भूकंप होतो’ : वाक्य बरोबर आहे का?

प्रश्न पुण्यातल्या एका शिक्षिकांचा आहे. भूगोलाच्या उत्तरपत्रिकांत मुलं ‘खडकांच्या घर्षणामुळे भूकंप होतो’ असं सर्रास लिहितात, ते बरोबर धरावं का? शिवाय खडक ‘सरकतात’, ‘घसरतात’ की ‘निसटतात’?

वाक्य अर्धंच बरोबर आहे, आणि गळलेला अर्धा भाग जास्त महत्त्वाचा आहे. ‘घर्षणामुळे’ म्हटलं की खडक एकमेकांवर घासतायत आणि त्या घासण्याने जमीन थरथरतेय, असं चित्र मनात उभं राहतं. घर्षणाचं मुख्य काम मात्र खडक जागच्या जागी धरून ठेवण्याचं आहे. ती पकड अचानक सुटते तेव्हा भूकंप होतो.

भारतीय भूपट्ट, म्हणजे भारताला वाहून नेणारा पृथ्वीच्या कवचाचा प्रचंड तुकडा, वर्षाला साधारण ५ सेंटिमीटर ईशान्येकडे जातो. त्या रेट्याने भ्रंशाच्या, म्हणजे दोन बाजू जागच्या हललेल्या भेगेच्या, दोन बाजू एकमेकींपुढे जायला बघतात, पण भ्रंशाच्या खडबडीत पृष्ठांवर त्या अडकलेल्या असतात. मग आसपासचा खडक किंचित वाकत राहतो आणि ताण साठत जातो, कधी कधी शेकडो वर्षं. पकडीच्या ताकदीपेक्षा ताण वाढला की एखादी जागा सुटते, तिचा भार शेजारच्या जागेवर पडतो, तीही सुटते. हे सुटत जाणं सेकंदाला दोन-तीन किलोमीटर वेगाने भ्रंशावरून धावतं. वाकलेला खडक झटक्यात सरळ होतो आणि त्यातून लाटा निघतात. सॅन फ्रान्सिस्कोच्या १९०६च्या भूकंपानंतर सरकलेली कुंपणं आणि मोजणीच्या खुणा तपासून अमेरिकन भूशास्त्रज्ञ रीड यांनी १९१०मध्ये हाच उलगडा मांडला. खडकांचे तुकडे प्रयोगशाळेत दाबून असं अडकणं-सुटणं भूकंपाशी जोडून दाखवलं ते ब्रेस आणि बायर्ली या संशोधकांनी, १९६६मध्ये.

यातली कळीची गोष्ट अशी, की हालचाल सुरू होताच घर्षण कमी होतं. ते कमी झालं नाही तर खडक सावकाश पुढे जातात, हादरा बसत नाही. मध्य कॅलिफोर्नियात सॅन अँड्रियास भ्रंशाचा एक भाग वर्षाला दोन-तीन सेंटिमीटर असाच गुपचूप पुढे जात असतो.

म्हणून क्रियापदं जपून वापरावीत. अशा संथ, सतत चालीला ‘सरकणे’ अगदी नेमकं बसतं. ‘घसरणे’ म्हटलं की उतार आणि खाली जाणं आलंच. ते दरडींसाठी राखून ठेवावं, कारण भ्रंशावरचे खडक आडवे जातात, वरही चढतात. किल्लारीला १९९३मध्ये एक बाजू दुसरीवर चढली होती. भूकंपाच्या क्षणासाठी माझी पसंती ‘निसटणे’ला. आधी काहीतरी धरून ठेवलेलं होतं, हे त्या शब्दातच आहे. बोलताना ‘सटकणे’ही चालेल.

वर्गात हे दाखवता येतं. शहाबादी फरशीवर तीनेक किलोची वीट ठेवा. विटेला सुतळी बांधून सायकलच्या ट्यूबची बोटभर रुंद, वीतभर लांब पट्टी जोडा, पट्टीच्या टोकाला ताणकाटा (स्प्रिंगचा वजनकाटा). आता अगदी सावकाश ओढा. वीट ढिम्म हलत नाही, पट्टी ताणली जाते, काट्यावर दीड-दोन किलो दिसतं, आणि वीट एकदम पुढे उडी घेते. काटा खाली येतो, वीट पुन्हा अडकते. विटेवर दुसरी वीट ठेवली तर ओढ जवळपास दुप्पट लागते. प्रयोग फसतो तो दोन कारणांनी. एक, घाईने ओढलं की उड्या एकमेकींत मिसळतात. दोन, पट्टी आणि काटा काढून नुसत्या सुतळीने ओढलं की ताण साठायला जागाच उरत नाही, वीट मुकाट सरकत येते. ही दुसरी चूक मुद्दाम करून दाखवावी, कारण लवचीकपणाशिवाय भूकंप नाही हे मुलांना तिथेच कळतं.

‘भेग’ आणि ‘भ्रंश’ यांचीही गल्लत होते. वेताळ टेकडीवरच्या जुन्या खाणींत कातळाला दिसणाऱ्या उभ्या चिरा बहुतांशी लाव्हा थंड होताना पडलेल्या भेगा आहेत. भेगेच्या दोन बाजू एकमेकींच्या तुलनेत जागच्या हलल्या असतील, तरच तिला भ्रंश किंवा प्रस्तरभंग म्हणावं.

कोयना धरणाजवळच्या भूकंपांबद्दल लिहिताना ‘पाणी खडकांत मुरून वंगणाचं काम करतं’ असं वाक्य हमखास येतं. ते टाळावं. भेगांतल्या पाण्याचा दाब खडकाच्या दोन बाजूंना एकमेकींपासून ढकलतो. बाजू आवळून धरणारा दाब तेवढा घटतो आणि पकड सैलावते. १०० मीटर खोल पाण्याचा दाब दर चौरस सेंटिमीटरला जेमतेम १० किलो भरतो. ५ किलोमीटर खोलीवर वरच्या खडकाचं ओझं तेराशे किलोच्या आसपास असतं. इतक्याशा फरकाने निसटायचं तर भ्रंश आधीच काठावर आलेला हवा. ११ डिसेंबर १९६७च्या पहाटेचा ६.३ तीव्रतेचा धक्का पुण्यातही जाणवला, तो असाच आधी साठलेल्या ताणाचा होता. म्हणून ‘धरणाने भूकंप घडवला’ यापेक्षा ‘जलाशयाने भूकंपाला चालना दिली’ हे लिहावं. ‘सह्याद्रीचा काळा पाषाण हलला’ हेही नको: गोठणे इथल्या तीन किलोमीटर खोल विंधणात काळा कातळ सव्वा किलोमीटरच्या सुमारास संपला, आणि कोयनेचे भूकंप होतात ते मुख्यतः त्याखालच्या ग्रॅनाइटी खडकात.