बागेतल्या एटीव्हीचे (खडबडीत जमिनीवर चालणारी, हँडलची चारचाकी गाडी) 25 चे टायर काढून 14 इंची रिमवर 28 चे बसवावेत का?

28 बसवू नका. 26 पर्यंत जा, रिम 12 चीच राहू द्या आणि वाचलेले पैसे जाड प्लायच्या, म्हणजे आत जास्त मजबूत थर असलेल्या, टायरवर घाला. तुमच्या प्रश्नात माझ्या उत्तराला लागणारं सगळं आहे: काजू-आंब्याची बाग, वर जांभ्याचा सडा, खाली भातखाचरं, मागच्या रॅकवर फवारणीची टाकी, आणि टायरवर पुढे 25×8-12, मागे 25×10-12. माझी जमीनही अशीच आहे आणि गाडीही याच मापाची. गेली सहा वर्षं ती रोज चालते.

आधी आकडे. 25 म्हणजे टायरची एकूण उंची, 8 रुंदी, 12 रिमचा व्यास, सगळं इंचात. काही टायरवर हेच माप कारसारखं लिहिलेलं असतं: 25×8-12 म्हणजे साधारण 205/80-12, आणि 25×10-12 म्हणजे 255/65-12. उंचीतून रिम वजा करून दोनने भागलं की रिम आणि जमीन यांच्यामध्ये रबर किती आहे ते कळतं. तुमच्याकडे आज साडेसहा इंच आहे. 14 च्या रिमवर 28 घेतलेत तर ते सात होईल, म्हणजे अर्धाच इंच वाढला. 12 च्या रिमवर 26 घेतलेत तरी सातच होतं. मग नव्या रिमचा खर्च कशासाठी?

उंचीचंही तसंच. टायर तीन इंच मोठा झाला तरी गाडी दीड इंचच उचलली जाते. पण चाकाचा घेर 12 टक्के वाढतो आणि तेवढाच ताण इंजिनाची ताकद चाकांकडे नेणाऱ्या रबरी बेल्टवर येतो. मी हे भोगलंय. तीन वर्षांपूर्वी मी 27 चे खोल नक्षीचे चिखलाचे टायर बसवले. सपाटीवर गाडी झकास चालली. जूनच्या शेवटच्या आठवड्यात खताच्या दोन गोण्या घेऊन खालून सड्यावर चढत होतो, हाय गिअरमध्येच. अर्ध्या चढावर जळक्या रबराचा वास आला. बेल्टचं झाकण हात लावता येणार नाही इतकं तापलं होतं. उघडून पाहिलं तर बेल्टची एक बाजू काचेसारखी गुळगुळीत झालेली आणि एका जागी खोलगट चट्टा पडलेला. नवा बेल्ट यायला बारा दिवस लागले, ऐन लावणीत. गोण्या आम्ही डोक्यावरून वर नेल्या. टायर 8 टक्क्यांनीच मोठे होते, पण वजनाला बरेच जड होते आणि ते सगळं वजन चाकाच्या कडेला फिरत होतं. घेण्याआधी दोन्ही टायर हातात उचलून बघा, फरक लगेच कळतो. आणि टायर कोणताही असो, ओझं घेऊन चढताना लो गिअर टाका.

टाकीमुळे मला तुमची जास्त काळजी वाटते. भरलेली टाकी मागे उंचावर असते आणि हेलकावते. त्यात गाडी आणखी दीड इंच वर गेली की उतारावर आडवी नेताना ती उलटण्याची भीती वाढते. बागेत आडवं जावंच लागतं. 26 मध्ये ती फक्त अर्धा इंच वर जाते.

आता जमीन. जांभ्याची धार टायरच्या तळाला क्वचितच कापते, कापते ती बाजूच्या भिंतीला. तळाला भोक पडलं तर चिकट पट्टी घालून दहा मिनिटांत पुढे निघता येतं. बाजू फाटली की टायर गेला. म्हणून 6 प्लायच्या खाली घेऊच नका. खोल नक्षीचा टायर कातळावर हँडल थरथरवतो आणि लवकर झिजतो, त्यामुळे मध्यम नक्षीचा ऑल-टेरेन घ्या. खाचरांसाठी रुंद टायर लागतो असं सगळे सांगतात, मला ते पटत नाही. भाताच्या खाचरात चिखलाखाली नांगराने दाबून घट्ट झालेला थर असतो. अरुंद टायर चिखल कापून त्या थरावर टेकतो आणि पकड घेतो, रुंद टायर वरच्या वर घसरतो. रुंदीचा फायदा पुळणीवरच्या मऊ वाळूत, आणि तिथे तुम्हाला जायचं नाही. 26×9-12 पुढे आणि 26×11-12 मागे ही जोडी सहज मिळते. मागे 26×10-12 मिळाला तर तोच घ्या.

गाडी फोर व्हील ड्राइव्ह असेल, म्हणजे इंजिन चारही चाकं फिरवत असेल, तर चारही टायर एकदम बदला. पुढची आणि मागची चाकं एकमेकांना जोडून फिरतात. मागे नवे 26 आणि पुढे झिजलेले 25 असे चालवले तर कठीण जमिनीवर ती एकमेकांशी भांडतात आणि भुर्दंड गिअर-एक्सलला पडतो. टायरवर छापलेल्या आकड्यावर विसंबू नका. एकाच मापाचे दोन कंपन्यांचे टायर प्रत्यक्षात इंचभराने वेगळे निघतात. खळ्यात किंवा सिमेंटच्या अंगणात टायरवर आणि जमिनीवर खडूची खूण करा, गाडी सरळ ढकलून खूण पुन्हा खाली येऊ द्या आणि अंतर टेपने मोजा. 25 चा घेर हिशेबाने 199 सेंटीमीटर येतो, वजनाने टायर दबतो म्हणून थोडा कमी भरेल. पुढचं आणि मागचं अंतर जवळपास सारखं आलं पाहिजे.

मोठा टायर कुठे घासेल तेही घरीच कळतं. पुढचं एक चाक दोन चिऱ्यांवर चढवा, कुणाला तरी त्या बाजूला रॅकवर बसवा, हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवा आणि टायर ते मडगार्ड, टायर ते पाय ठेवायची जागा हे अंतर पहा. बोटभर जागा पुरत नाही, कारण चिखल चिकटल्यावर टायर आणखी फुगतो.

रिम बदलायचाच हट्ट असेल तर बोल्टांचं माप आधी पहा. पोलारिस कंपनीच्या गाड्यांना बहुतेक 4/156 लागतं, म्हणजे 156 मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळावर चार बोल्ट, कॅन-अॅमला 4/137, होंडा आणि यामाहाच्या बऱ्याच गाड्यांना 4/110. एकाचं दुसऱ्याला बसत नाही. रिमवर 5+2 असं काही लिहिलेलं असतं, म्हणजे बोल्टाच्या पत्र्यापासून आत पाच इंच, बाहेर दोन. त्याजागी 4+3 घेतलीत तर चाक इंचभर बाहेर येतं, हँडल जड होतं आणि बेअरिंग लवकर जातात.

टायर शोधताना बीकेटीचं नाव विचारून बघा. वाळूजला कारखाना असलेली ही कंपनी एटीव्हीचे टायरही बनवते, पण तिचा बहुतेक माल परदेशी जातो, म्हणून गावातल्या दुकानात दिसत नाही.

हवा भरणं मात्र पंपवाल्याच्या भरवशावर सोडू नका. या टायरांना 5 ते 7 पीएसआय लागते, तुमच्या गाडीचा नेमका आकडा तिच्यावरच्या स्टिकरवर असेल. टाकी भरलेली असताना स्टिकरवरचा ओझ्याचा आकडा धरा. आमच्या इथल्या एका पंपावर मुलाने कारच्या सवयीने 25 भरली होती, घरी येईपर्यंत पाठीचा काटा ढिला झाला. कारचा गेज इतकी कमी हवा नीट दाखवत नाही, 0 ते 15 चा वेगळा गेज घ्या. टायर बसवल्यावर पहिल्या दिवसाचं काम झालं की चारही चाकांचे नट पुन्हा आवळा.